मामांचा डावा पाय

माझ्या सासऱ्यांचा उजवा पाय मोडला त्या दिवशी मी त्यांचा डावा पाय बांधला, आणि तो फार सुरेख बांधला होता.

हे एवढं वाक्य तोंडातून बाहेर यायला मला बारा वर्षं लागली. मी कमी बोलतो असं सगळे म्हणतात. सुमन, म्हणजे माझी बायको, नव्या माणसाला माझी ओळख करून देताना आधीच सांगून टाकते, “ह्यांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका.” स्वभाव वगैरे काही नव्हता. पाय होता. तोंड उघडलं तर कुठल्याही विषयावरून बोलणं पायावर येईल, या भीतीनं मी बारा वर्षं हवापाण्यावरसुद्धा जपून बोललो.

तर आता सुरुवातीपासून सांगतो.

तेव्हा मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होतो आणि कारेगावात एका खोलीत राहत होतो. कारखान्यात वरून फर्मान आलं, की प्रत्येक खात्यातला एक माणूस प्रथमोपचार शिकलेला पाहिजे. आमच्या सुपरवायझरनं सकाळी लाइनीवर उभं राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. ज्याच्यावाचून दोन दिवस काहीही अडणार नाही, असा माणूस त्याला हवा होता. नजर माझ्यापाशी आली आणि पुढे जायची गरज तिला वाटली नाही.

कॅन्टीनच्या वरच्या हॉलमध्ये ट्रेनिंग होतं. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी पहिलंच वाक्य असं सांगितलं, की पेशंट घाबरलेला असतो, तो काहीही बोलतो; आपण घाबरायचं नाही, आवाज खाली ठेवायचा आणि हात चालू ठेवायचे. मला ते फार पटलं. विशेषतः पेशंट काहीही बोलतो हे.

मग आमच्या जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला पॅकिंगमधला यादव आला. एकानं टेबलावर झोपायचं, दुसऱ्यानं त्याचा पाय मोडला आहे असं समजून लाकडी पट्ट्या लावून बांधायचा. मी यादवच्या उजव्या पायाला हात लावला, तर हा पठ्ठ्या टेबलावरून उडाला. म्हणाला, “अण्णा, लेफ्ट में बाँधो. राइट में गुदगुदी होती है.” तसा तो चांगला माणूस, पण त्याच्या उजव्या पायाला कुणी बोट दाखवलं तरी हसू लागायचा, आणि फौजी मास्तरांना हसणारा पेशंट चालत नव्हता. त्यामुळे मी दिवसभरात यादवचा डावा पाय चौदा वेळा बांधला. संध्याकाळपर्यंत डोळे मिटून बांधू लागलो. मास्तर इतरांना बोलावून म्हणाले, “ही गाठ बघा.”

दुसऱ्या दिवशी मी तिसरी पाळी संपवून थेट हॉलमध्ये जाऊन बसलो. वर पंखा होता, पोटात कॅन्टीनचा उपमा होता. त्या दिवशीचा विषय होता, बांधण्याआधी काय काय तपासायचं. पेशंटला काय विचारायचं, दोन्ही बाजू कशा ताडून बघायच्या, वगैरे. हे मला नंतर कळलं. मी तपासणीच्या अख्ख्या धड्यात झोपलो होतो आणि जाग आली तेव्हा परीक्षेचे कागद वाटणं चाललं होतं. यादवचा कागद हिंदीत, माझा मराठीत, पण प्रश्नांचा क्रम एकच. आम्हा दोघांना सारखेच मार्क पडले. मला सर्टिफिकेट मिळालं आणि खिशावर लावायला हिरवा बिल्ला, त्यावर पांढरं क्रॉसचं चिन्ह.

सुमननं सर्टिफिकेटला काच लावली. तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिनं माहेरी कळवलं.

सुमनचं माहेर कासुर्डीचं. यवतजवळ, सोलापूर रस्त्याला लागून. सासऱ्यांना मी रिवाजाप्रमाणे मामा म्हणतो; गाव त्यांना आबा म्हणतं. मामांनी तरुणपणी मेंढरं राखली. पावसाळा सरला की कोकणाच्या अंगाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं निम्मं आयुष्य त्यांनी चालत काढलं होतं. मग कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, मेंढरं गेली आणि मामा एका जागी बसले. पण नजर मेंढपाळाचीच राहिली. शंभर मेंढरं धुळीतून पलीकडे जाताना त्यातलं एक लंगडतंय हे त्यांना नुसत्या खुरांच्या आवाजावरून कळायचं. मोडलेला पाय बांबूच्या कांबी लावून, लोकरीच्या दोऱ्यानं ते असा बांधायचे, की महिन्यात मेंढरू कळपाबरोबर चालू लागायचं. म्हणजे त्या घरात प्रथमोपचार कुणाला येत असेल, तर तो मामांना. (आमच्याही घरात मेंढरं होती, पण ती मी शाळेत जायच्या आत विकली गेली. मला लंगडं मेंढरू समोर आणून उभं केलं तरी कळत नाही. पुढे लंगडा माणूस समोर असूनही कळला नाही, तो त्यातलाच प्रकार.)

तरीही माझ्या बिल्ल्याची बातमी कळल्यापासून मामा आल्यागेल्याला सांगू लागले, की आमचं जावई कंपनीत डाक्टरकीचं शिकल्यात. जावयाचं कौतुक आणि जावयाचा मान, या दोन बाबतींत मामा फार कडक होते. जावई बोलला की घरात बाकीच्यांनी गप्प बसायचं. जावयानं मीठ कमी म्हटलं तर कमी, जास्त म्हटलं तर जास्त. सासूबाई तर माझ्याशी थेट बोलतच नसत. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, जे सांगायचं ते सुमनला सांगत. सुमन जवळ नसली तर दारात बांधलेल्या शेळीला सांगत. “जेवाया चला म्हणावं,” असं त्या शेळीकडे बघून म्हणाल्या की मी उठायचो. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या शेळीची माझी बऱ्यापैकी ओळख झाली होती.

मग धाकट्या मेव्हणीला, लताला, बघायला पाहुणे यायचे ठरले. कुरकुंभकडचं स्थळ. मुलगा दत्ता, तिकडच्या कंपनीत कायम झालेला. त्याचे वडील बापू मामांसारखेच जुने मेंढपाळ, आता बागायतदार. स्थळ चांगलं होतं आणि मामांनी त्यासाठी वर्षभर खेटे घातले होते. आम्ही दोघं कारेगावाहून न्हावरे, चौफुला करत मोटरसायकलवर सकाळीच जाऊन पोचलो. सुमनच्या सांगण्यावरून मी सुट्टीच्या शर्टावरही बिल्ला लावला होता.

आमच्याकडे मोठा पाहुणा आला की त्याला घोंगडीवर बसवतात. खुर्च्या असल्या तरी घोंगडी लागतेच. मामांची ठेवणीतली नवी काळी घोंगडी माळ्यावर, लिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवलेली होती आणि ती काढायचा मान मामा कुणालाही देत नसत. त्यांनी ओसरीवर शिडी लावली. मला म्हणाले, “जावई, जरा धरता का?”

मी धरली. मामा वर चढले, घोंगडी बगलेत घेऊन उतरू लागले. ते चौथ्या पायरीवर होते तेव्हा फाटकातून पाहुणे आत आले.

आता इथे पहिली कबुली. बारा वर्षं घरात सांगत आलो, की शेणानं सारवलेली जमीन ओली होती म्हणून शिडी सरकली. जमीन ओली होती हे खरं आहे. पण मी शिडी सोडली होती. पाहुणे दिसले, मला आपण मोठे जावई असल्याची आठवण झाली, आणि मी पुढे होऊन नमस्कार केला. नमस्काराला दोन हात लागतात.

आधी घोंगडी खाली आली. मग शिडी. मग मामा. घोंगडीवर पडले असते तर पुढचं काही घडलं नसतं, पण मामांनी पाहुण्यांची घोंगडी मळू नये म्हणून अंग बाजूला टाकलं असं मला आजही वाटतं. ते जमिनीवर बसल्या बसल्या वळले आणि दोन्ही हातांनी डावा गुडघा घट्ट धरून राहिले. उजव्याला हात लावणं शक्य नव्हतं म्हणून ते डावा धरून बसले होते. पण हे कळायला तपासणीचा धडा ऐकलेला असावा लागतो.

ओसरीवर एकदम गर्दी झाली. पाहुणे, शेजारी, सासूबाई, लता आणि शेळी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे बिल्ल्याकडे पाहिलं. सुमन म्हणाली, “बाजूला व्हा, ह्यांना येऊ द्या.” चार वर्षांच्या संसारात तिच्या आवाजात माझ्याविषयी एवढा अभिमान मी ऐकला नव्हता.

मी गुडघ्यावर बसलो. आवाज खाली ठेवला. पट्ट्या हव्यात म्हटलं. लाकडी पट्ट्या घरात नव्हत्या, म्हणून शेजारचा एक गडी पळत जाऊन बांधावरचे दोन सरळ ऊस तोडून घेऊन आला. बांधायला कापड हवं म्हटलं, तर लतानं पाहुण्यांच्या मानपानासाठी आणलेले टॉवेल पुढे केले. (त्या दिवशी पाहुण्यांना टॉवेल-टोपीतल्या नुसत्या टोप्या मिळाल्या.) मध्ये घालायला लोकर होतीच. सगळी तयारी झाली आणि माझे हात चालू झाले. यादवच्या पायावर चौदा वेळा गेलेले ते हात पंधराव्या वेळीही तिथेच गेले.

मामा हळू आवाजात म्हणाले, “जावई, ह्यो न्हाई…”

“मामा, तुम्ही काही बोलू नका,” मी म्हणालो. “तुम्ही शॉकमध्ये आहात.”

मामांनी तोंड मिटलं. जावयानं सगळ्यांसमोर बोलू नका म्हटल्यावर ते बोलणार नव्हते. आणि तेही कुणासमोर, तर होणाऱ्या व्याह्यांसमोर! ज्या जावयाचं वर्षभर कौतुक सांगितलं, तो चुकतोय हे त्यांच्या तोंडून निघालं असतं तर त्यांच्या शब्दाला काय किंमत राहिली असती? त्यांनी डावा पाय सरळ केला आणि मला नीट बांधता यावा म्हणून थोडा उचलूनसुद्धा धरला. मोडलेला पाय माणूस असा उचलून धरू शकत नाही, हेही तपासणीच्या धड्यात असणार.

माझी पहिली गाठ बसली. मागून सासूबाईंचा आवाज आला, “शेळे, त्यांना सांग गं, ह्यो पाय धडधाकट हाय.”

शेळीनं काही सांगितलं नाही. पण मी ऐकलं होतं. मी मान न वळवता सुमनला म्हणालो, “आईंना म्हणावं, धीर धरा.”

आता दुसरी कबुली, आणि खरी ती हीच. तिसरी गाठ मारताना माझी नजर मामांच्या उजव्या घोट्यावर गेली. तो वांग्याएवढा झाला होता आणि रंगही तोच होता. मला कळलं. पूर्ण कळलं. नंतर कळलं, घाईत कळलं नाही, गर्दीत दिसलं नाही, असं काहीही नाही. ऊस सोडून दुसऱ्या पायाला बांधायला मला चार मिनिटं लागली असती. मी वर पाहिलं. पाहुणे वाकून बघत होते. बापू मिशीवर हात ठेवून एकटक माझ्या हातांकडे बघत होते. सुमन माझ्याकडे बघत होती, मघाच्याच अभिमानानं.

मी तिसरी गाठ पुरी केली. आणि चौथी मारली. चौथीची गरज नव्हती, ती दिसायला बरी दिसते म्हणून मारली.

त्या वेळी मामांची आणि माझी नजरानजर झाली. मामा म्हणाले, “ब्येस. लई आराम पडला.” आणि त्यांनी पडलेली घोंगडी ओढून उजव्या पायावर घेतली.

इथे मी सरळ दवाखान्यात चला म्हटलं, ते खरंच म्हटलं. पाहुणेही म्हणाले, आम्ही परत येऊ, आधी पाय बघा. पण मामा ऐकेनात. मुलगी बघायला आलेले पाहुणे चहा न घेता फाटकातून परत गेले, तर पुढे लोक काय काय लावतील, ते त्यांना ठाऊक होतं. घरात पाऊल टाकलं आणि मालक पडला, असलं स्थळ मोडायला मग वेगळं कारण लागत नाही. म्हणून मामांना भिंतीला टेकवून बसवलं. डावा पाय उसासकट उशीवर, सगळ्यांना दिसेल असा. उजवा घोंगडीखाली.

कार्यक्रम दीड तास चालला. पोहे झाले, चहा झाला, लता आली, नाव सांगून गेली. दत्तानं पगार सांगितला. मामा सगळ्याला उत्तरं देत होते, हसत होते, आणि त्यांच्या कपाळावरून घाम कानामागे उतरत होता. कुणी पंखा वळवला की तेवढ्यापुरते डोळे मिटत. मी त्यांच्या शेजारी बसून पोहे खाल्ले. दोनदा घेतले. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

निघायच्या आधी बापूंनी मामांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “आबा, जावयांनी पाय झकास बांधलाय. दुसरा कसा हाय?”

“दुसऱ्याला काय धाड भरलीय?” मामा म्हणाले. “त्यो जावयांच्या हाताला न्हाई लागला.”

दोघं म्हातारे खो खो हसले. मीही हसलो. मग बापू म्हणाले, आठ दिवसांत कळवतो. मुलीकडच्यांचा जीव या तीन शब्दांवर किती टांगणीला लागतो, ते ज्याच्या घरी मुलगी आहे त्यालाच माहीत. मामा त्यावरही हसले, पण आता त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

पाहुण्यांच्याच जीपमधून मामांना दौंडला नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं उसांकडे पाहिलं, गाठी पाहिल्या आणि विचारलं की हे कुणी बांधलं, फार नीट बांधलंय. सुमननं माझ्याकडे बोट केलं. मग डॉक्टरनं बांधलेल्या पायाचा एक्स-रे काढला. बांधलेला पाय सोडून दुसऱ्याचा कोण काढेल? फोटो उजेडापुढे धरून तो म्हणाला, अभिनंदन, हाड शाबूत आहे, मुका मार असेल, घरी जा.

एक क्षण, फक्त एकच क्षण, मला मनापासून आनंद झाला. आपण वेळेवर बांधला म्हणून वाचला, असं मला वाटून गेलं! माणूस स्वतःला किती लवकर फसवू शकतो, याचा तो माझ्यापुरता एक्स-रे होता.

सासूबाईंनी आजूबाजूला पाहिलं. शेळी नव्हती. त्यांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरला सांगितलं, “डाक्टरला म्हणावं, दुसरा बघा.”

डॉक्टरनं घोंगडी बाजूला केली. डॉक्टरनं उजवा घोटा बघितला, डावा पाय बघितला, मग माझा बिल्ला बघितला. त्याचं तोंड उघडायला लागलं तेवढ्यात मामा बोलले.

“चूक माझी हाय, डाक्टर. मी घाबारलो आन् डावा म्हून सांगितलं. जावयांनी सांगितला त्योच बांधला. त्यांचा काय दोष?”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. पण सुमन चटकन म्हणाली, “बघा ना, आबांना तरी डावा-उजवा कळू नये का?” आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

घोट्याच्या वर हाड मोडलं होतं. सव्वा महिना प्लास्टर. आठव्या दिवशी बापूंचा होकार आला आणि लग्नात मामा खुर्चीवर बसून राहिले. अक्षता वाटणाऱ्यानं त्यांच्या हातात अक्षता देताना सांगितलं, “आबा, उजव्या हातानं टाका. उजवा म्हंजी हिकडचा.” मांडव हसला. ते हसणं पुढे गावभर झालं. चावडीवर, सोसायटीत, रसवंतीवर, मामा दिसले की कुणी ना कुणी विचारायचं की आबा, डावा कुठला? ज्या माणसाला धुळीतून लंगडं मेंढरू कळायचं, त्याला गावानं स्वतःचा पाय न कळणारा ठरवलं. मामा हसून पुढे जायचे. थंडीत थोडे लंगडत जायचे.

आणि मला बक्षीस मिळालं. खोटं सांगत नाही. गोष्ट रांजणगावपर्यंत पोचली, अर्धीच पोचली, आणि सेफ्टी वीकमध्ये साहेबांनी मला फॉर्म भरून द्यायला सांगितला. प्रसंग काय, कुणाला मदत केली, कोणत्या अवयवाला इजा होती. मी लिहिलं: पाय. कोणता, असा रकाना नव्हता. मला स्टेजवर बोलावून एक प्रथमोपचार पेटी दिली. खाली बसलेला यादव सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. ती पेटी मी आजतागायत उघडलेली नाही.

अशी बारा वर्षं गेली. मग मागच्या हिवाळ्यात साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, की फौजी मास्तर आता थकले, नव्या पोरांना प्रथमोपचार तुम्हीच शिकवा, तुम्हाला प्रत्यक्ष अनुभव आहे. मी घरी येऊन वहीत लिहायला बसलो, पहिल्या दिवशी काय सांगायचं. ‘बांधण्याआधी’ एवढं लिहिलं आणि पेन पुढे जाईना. पुढच्या रविवारी मी कासुर्डीला गेलो.

त्या दिवशी लता माहेरी आलेली होती आणि तिच्या सासरची मंडळी दुपारी जेवायला यायची होती. दत्ता सकाळीच आला होता. मामा ओसरीवर उन्हात पाय पसरून बसले होते. मी त्यांच्यापुढे बसलो आणि, सुमन, लता, दत्ता, सगळे ऐकत असताना, म्हणालो, “मामा, मला एक सांगायचंय. शिडी सरकली नव्हती. मी सोडली होती.”

मामा म्हणाले, “ठावं हाय. नमस्कार केलासा न्हवं पाव्हण्यांना.”

“आणि पाय… तिसरी गाठ मारताना मला कळलं होतं, की चुकीचा पाय आहे. तरी मी बांधला.”

मामांनी मान हलवली. “तिसरी न्हाई, जावई. दुसरी. दुसऱ्या गाठीला तुमचा हात थरथारला. तिसरी तुम्ही नेटानं मारलीसा.”

बारा वर्षं मी स्वतःशीसुद्धा गुन्ह्यातली एक गाठ कमी मोजत आलो होतो.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोललो की. तुम्ही म्हणालासा, शॉकमधी हाय.” मग त्यांनी खाली बघत उजव्या घोट्यावरून हात फिरवला. “आन् साऱ्यांचं ध्यान तर तुमच्याकडंच व्हतं. पाय काय, आज ना उद्या जुळतोच. तुम्हाला चारचौघांत खाली बघाया लागलं असतं, त्ये कुठल्या डाक्टरनं जुळवलं असतं?”

मी सुमनकडे पाहिलं. मला वाटलं ती रागावेल. ती कांदा चिरत होती. म्हणाली, “मला दौंडलाच कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.”

मग दत्ता खाकरला. म्हणाला, “दाजी, आता निघालंच हाय तर सांगतो. आमच्या बापूंनी त्या दिवशी फाटकातनंच सगळं बघितलं व्हतं. जुना मेंढक्या, त्यास्नी कोणता पाय मोडलाय त्ये कळाया किती टाइम लागतो? तुम्हाला दौंडला सोडून घरी जाताना जीपमधी मी म्हणालो, बापू, त्यांचा थोरला जावई येडा हाय, हितं नको. तर बापू म्हणाले, गप. येड्या जावयासाठी जो माणूस मोडका पाय घोंगडीखाली घालून दीड तास हसतोय, त्यो शहाण्या जावयासाठी काय करंल? लगेच हो म्हणालो असतो, पर आठ दिवस सांगायचा रिवाज हाय म्हून थांबलो, असं म्हणाले.”

म्हणजे लताचं लग्न माझ्यामुळे जमलं होतं. प्रथमोपचारानं एवढा गुण आल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

तेवढ्यात मोटारीचा आवाज आला. पाहुणे आले होते. मामा म्हणाले, घोंगडी राहिली की माळ्यावर. दत्तानं शिडी आणून ओसरीला लावली आणि वर पाय ठेवला. अंगातलं ओझं उतरल्यामुळे मला एकदम हलकं वाटत होतं, हातापायांत उत्साह होता. मी उठलो, बाह्या सारल्या आणि शिडी धरायला पुढे झालो.

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई उभ्या राहिल्या. दारात शेळी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. सुमन होती, तिच्याकडेही नाही. पदर मागे सारून, सरळ माझ्या डोळ्यांत बघत त्या म्हणाल्या, “जावई, तुम्ही खाली बसा.”

लग्नाला सोळा वर्षं झाली. सासूबाई माझ्याशी थेट बोलल्या, ते हे पहिलं वाक्य. मी खाली बसलो, आणि दत्ता सुखरूप उतरला. नव्या पोरांसाठीच्या वहीत ‘बांधण्याआधी’च्या पुढे मी आता सासूबाईंचं तेच वाक्य लिहून ठेवलं आहे.